हातच्या नाडीलाही आरसा हवा

‘हातच्या काकणाला आरसा कशाला?’ असे मराठी माणूस सहज बोलून जातो. जे मनगटावर उघड दिसते त्यासाठी निराळ्या साधनाची गरज नाही, हा त्या म्हणीतील भाव. त्याच काकणाखाली, मनगटाच्या आतल्या बाजूस, अंगठ्याच्या रेषेत एक धमनी अहोरात्र उडत असते. तिच्यावर तीन बोटे ठेवून नाडी पाहण्याची वैद्यांची परंपरा जुनी आहे आणि आजचा डॉक्टरही रुग्णाचा हात हाती घेतो तो प्रथम तिच्यासाठीच. इतक्या हाताशी असलेल्या गोष्टीला पाहण्यासाठी यंत्र लागावे, ही कल्पना निरोगी माणसाला चमत्कारिक वाटेल. परंतु माणूस अत्यवस्थ झाला, रक्तदाब कोसळला, हातापायांवर सूज चढली की हीच धमनी बोटांना सापडेनाशी होते. आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यात नळी बसविणे डॉक्टरांना अगत्याचे वाटू लागते. अशा वेळी हातच्या नाडीलाही आरसा लागतो.

हा आरसा म्हणजे सोनोग्राफीचे यंत्र. जगातील अनेक अतिदक्षता विभागांत ते आता रुग्णाच्या खाटेशी उभे असते आणि धमनीत सुई घालण्यापूर्वी डॉक्टर त्याच्या पडद्यावर ती धमनी पाहून घेतात. या देशात मात्र त्या यंत्राचे पूर्वचरित्र इतके डागाळलेले आहे की, ते खाटेशी आणावयाचे म्हटले तरी कायदा, नोंदवही आणि संशय ही त्रयी आधी आडवी येते. एका बाजूस न जन्मलेल्या मुलीचा जीव आणि दुसऱ्या बाजूस अतिदक्षता विभागात निपचित पडलेल्या रुग्णाचा जीव, असा हा पेच आहे. तो केवळ डॉक्टरांचा घरगुती प्रश्न नव्हे. शिक्षक असो, कारकून असो वा विद्यार्थी, आयुष्यात केव्हातरी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर रात्र काढण्याची पाळी बहुतेकांवर येते. काचेच्या दारापलीकडे काय चालते आणि ते कशा रीतीने चालावे, हे जाणून घेण्याचा अधिकार त्या बाकावर बसणाऱ्यालाही आहे.

घोडीच्या धमनीपासून

धमनीत नळी घालून रक्ताचा दाब मोजण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील टेडिंग्टन गावचा धर्मोपदेशक स्टीफन हेल्स याने एका घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली आणि रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच चढलेले पाहिले. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हा प्रयोग नोंदलेला आहे. प्रयोग क्रूर होता, परंतु रक्त किती जोराने वाहते हे डोळ्यांना दिसले ते तेव्हा. माणसाच्या बाबतीत असा प्रकार करणे शक्यच नव्हते. पुढे १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची याने दंडाला बांधावयाचा पट्टा काढला, १९०५ साली रशियाच्या कोरोटकॉफ याने स्टेथोस्कोपने ऐकावयाच्या आवाजांची त्याला जोड दिली आणि सुईशिवाय रक्तदाब मोजण्याची सोय झाली. दवाखान्यातील रोजच्या कामाला ती आजही पुरेशी आहे.

ती अपुरी पडते ती अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेशी. यंत्राचा पट्टा दर ५ मिनिटांनी फुगतो असे धरले आणि रुग्णाचे हृदय मिनिटाला १२० ठोके देत असले, तर दोन मोजण्यांच्या मधल्या ६०० ठोक्यांचा हिशेब कोणालाच लागत नाही. रक्तदाब फार खाली गेला, ठोके अनियमित झाले किंवा दंड फार स्थूल असला, तर पट्ट्याने दिलेला आकडाही फसवा असू शकतो. धमनीतील नळी मात्र प्रत्येक ठोक्याचा दाब लाटेच्या रूपाने पडद्यावर उमटविते. रक्तदाब टिकविण्यासाठी जी तीव्र औषधे थेंबाथेंबाने द्यावी लागतात, त्यांचा वेग या लाटेकडे पाहून कमीजास्त करता येतो. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाचा सरासरी दाब पाऱ्याच्या ६५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. तो आकडा राखावयाचा तर तो आधी खात्रीने कळला पाहिजे.

या नळीचा दुसरा उपयोग रक्तातील वायूंच्या तपासणीचा. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यर्न इब्सेन याने श्वास थांबलेल्या रुग्णांच्या घशात नळी घालून हाताने पिशवी दाबत हवा पुरविण्याचा मार्ग दाखविला आणि शेकडो विद्यार्थी पाळीपाळीने ते काम करीत राहिले. अतिदक्षता विभाग या संस्थेचा जन्म त्या साथीतून झाला. रुग्णाला श्वास पुरेसा मिळतो की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी रक्तातील वायू मोजावे लागतात, हाही धडा तेथूनच पक्का झाला. आज व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे असे रक्त दिवसातून अनेकदा लागते. नळी नसेल तर प्रत्येक वेळी धमनीला नव्याने टोचावे लागते, आणि धमनीचे टोचणे हे शिरेच्या टोचण्याहून कितीतरी अधिक दुखणारे असते.

अंदाजाची सुई

ही नळी बसवितात कशी? रिवाजाची रीत बोटांची आहे. डॉक्टर मनगट मागे वाकवून ठेवतो, एका हाताच्या बोटांनी नाडी चाचपतो आणि दुसऱ्या हाताने सुई आत सारतो. लाल रक्त उसळून आले की सुई धमनीत पोहोचली असे समजावयाचे. मग स्वीडनच्या सेल्डिंगर याने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या युक्तीप्रमाणे सुईतून एक बारीक तार आत सोडावयाची, सुई काढून घ्यावयाची आणि तारेवरून नळी सरकवावयाची. वर्णन सोपे आहे आणि निष्णात हाताला कृतीही सोपी जाते. परंतु मनगटातील ही धमनी अवघी दोन-तीन मिलिमीटर रुंद असते. नाडी मंद झालेली, हात सुजलेले, औषधांनी रक्तवाहिन्या आकसलेल्या, अशा अवस्थेत बोटांना लागते ते धमनीचे ठिकाण नसून त्या ठिकाणाचा अंदाज असतो. शिवाय बोट जरा जोराने दाबले तर ती क्षीण धमनी त्या दाबानेच मिटून जाते.

पहिली सुई चुकली की पुढचे काम अधिक अवघड होते, ही या कामातील खरी मेख आहे. टोचल्यामुळे धमनी आकुंचन पावते, आजूबाजूला रक्त साकळते आणि जी नाडी आधीच मंद होती ती आता लागेनाशी होते. मग दुसरे टोचणे, तिसरे टोचणे, मनगट सोडून कोपर, कोपर सोडून जांघ, असा प्रवास सुरू होतो. तो चालू असेतो डॉक्टरांचे दोन्ही हात आणि सारे लक्ष त्यातच गुंतलेले राहते. भेटीच्या वेळी आत गेलेला नातेवाईक रुग्णाच्या मनगटावरचे काळेनिळे डाग पाहून चरकतो. त्याला कारण कोणी सांगत नाही, आणि ज्याला दुखले तो तर बोलण्याच्या अवस्थेत नसतो. बेशुद्ध रुग्ण तक्रार करीत नाही, म्हणून त्याला झालेली इजा लहान ठरत नाही.

अर्थात या नळीचे भय अवास्तव वाढविण्याचेही कारण नाही. जगातील अनेक अभ्यासांचा जो मोठा आढावा २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात मनगटातील धमनी तात्पुरती बंद होण्याचे प्रमाण पाचांत एक इतके भरले. परंतु बोटांना वा हाताला कायमची इजा होण्याचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी होते. हाताला रक्त पुरविणारी दुसरी धमनी करंगळीच्या बाजूने येते आणि सहसा ती वेळ निभावून नेते. तथापि, जी इजा टाळता येण्याजोगी आहे ती विरळा आहे म्हणून चालू द्यावी, असा न्याय वैद्यकाला शोभत नाही.

ध्वनीने दिसणारी धमनी

येथे सोनोग्राफी उपयोगी पडते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. रक्तवाहिन्या पाहण्यासाठी सेकंदाला सुमारे ५० लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनांचा ध्वनी प्रोबमधून शरीरात सोडतात आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून पडद्यावर चित्र उभे राहते. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड या प्रसूतिशास्त्राच्या प्राध्यापकाने धातूतील दोष हुडकणारे कारखान्यातील यंत्र माणसाच्या पोटाकडे वळविले आणि १९५८ साली आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. बॉयलरच्या पत्र्यातील भेग शोधणारी विद्या अशा रीतीने गर्भाशयापर्यंत पोहोचली. ती मनगटापर्यंत यावयास आणखी काही दशके लागली.

पडद्यावर धमनी आणि शीर या दोन्ही काळ्या वर्तुळांसारख्या दिसतात. प्रोबने किंचित दाबले की शीर चटकन मिटते, धमनी मात्र उडत राहते. ओळख पटविण्याची ही सोपी खूण आहे. मग सुईचे टोक पडद्यावर पाहत पाहत धमनीपर्यंत न्यावयाचे. येथेही एक फसगत संभवते. धमनीच्या आडव्या छेदात सुई नुसत्या एका ठिपक्यासारखी दिसते, आणि तो ठिपका सुईच्या टोकाचा आहे की तिच्या मधल्या दांडीचा, हे चित्र सांगत नाही. टोक समजून दांडी पाहणारा डॉक्टर धमनीच्या आरपार जातो. म्हणून सुई थोडी पुढे, प्रोब थोडा पुढे, पुन्हा सुई, पुन्हा प्रोब, असे टोकाचा माग काढीत जावे लागते. ही कला आहे आणि ती पुस्तक वाचून येत नाही. यंत्र आणले की काम झाले, असा समज करून घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

या पद्धतीच्या बाजूने मिळालेला पुरावा पुरेसा स्पष्ट आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ६९ रुग्णांच्या एका अभ्यासात पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याचे प्रमाण बोटांच्या रीतीने ३४ टक्के, तर सोनोग्राफीच्या साह्याने ६२ टक्के भरले. चार अभ्यासांतील ३११ रुग्णांचा एकत्रित विचार करणारा लेख २०११ साली प्रसिद्ध झाला; त्यातही पहिल्या प्रयत्नात यश मिळण्याची शक्यता सोनोग्राफीमुळे ७१ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. लहान मुलांच्या बाबतीतील निष्कर्षही याच दिशेचे आहेत आणि ते स्वाभाविकच आहे. तान्ह्या मुलाची धमनी मोठ्या माणसाच्या बोटाला किती लागणार? मानेतील मोठ्या शिरेत नळी घालताना सोनोग्राफी वापरावी, असा सल्ला ब्रिटनच्या ‘नाइस’ या शासकीय संस्थेने २००२ सालीच दिला होता. शिरेसाठी जी काळजी घ्यावयाची ती धमनीसाठी नको, असे म्हणण्याला आता फारसा आधार उरलेला नाही.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला अनुभवी डॉक्टरांचा. त्यांच्या पिढीने हजारो नळ्या बोटांच्या जोरावर बसविल्या. त्यांना हा पडदा म्हणजे पांगुळगाडा वाटतो. निष्णात हात आणि ठणठणीत नाडी असेल तेथे सोनोग्राफीचा लाभ थोडा आहे, हे मान्य केले पाहिजे. वीज गेली, यंत्र बिघडले वा दुसऱ्या खाटेशी अडकले, तर बोटांची विद्याच कामास येणार. म्हणून ती शिकविणे बंद करणे आत्मघातकी ठरेल. परंतु मध्यरात्री अतिदक्षता विभागात ही नळी बसवितो तो बहुधा वर्ष-दोन वर्षांचा निवासी डॉक्टर. वडीलधाऱ्या डॉक्टरांचे हात ज्या हजारो मनगटांवर तयार झाले, त्या मनगटांच्या वाट्याला आलेल्या चुकलेल्या सुयांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. नव्या पिढीने तीच किंमत रुग्णाकडून पुन्हा वसूल करावी असे काही नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ही नळी प्रत्येक वेळी हवीच काय? रक्तदाब कोसळलेल्या सुमारे १००० रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्ध्या रुग्णांना ही नळी लगेच बसविली, तर उरलेल्यांवर दंडाच्या पट्ट्याने देखरेख ठेवून गरज पडली तरच ती बसविली. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण दुसऱ्या गटात अधिक आढळले नाही. या निष्कर्षाने नळीची गरज संपत नाही, परंतु ‘अतिदक्षता विभागात आला म्हणून नळी’ या सरावाला चाप बसतो. सोनोग्राफीमुळे नळी बसविणे सोपे झाले म्हणून ती अधिकांना बसविली जाऊ लागली, तर तो सुधारणेचा विपर्यास होईल. नळी घालण्यापूर्वी ‘हिची गरज आहे काय?’ आणि घातल्यावर दररोज ‘हिची गरज अजून आहे काय?’ हे दोन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. ज्याला ती खरोखर हवी आहे, त्याला मात्र ती अंदाजाने बसविली जाऊ नये, एवढाच या आग्रहाचा अर्थ आहे.

डागाळलेले यंत्र

मग हे यंत्र प्रत्येक अतिदक्षता विभागात का नाही? किंमत हे एक कारण आहेच. कित्येक लाख रुपयांचे यंत्र लहान रुग्णालयाला जड जाते. परंतु येथील इतिहासाने आणखी एक कारण निर्माण केले आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या पडद्यावर गर्भाची वाढ दिसावी, त्याच पडद्यावर तो गर्भ मुलीचा आहे काय हे पाहून तिला जन्माआधीच संपविण्याचा व्यापार या देशात झाला. त्यात डॉक्टर होते, शिकलेली सुस्थित कुटुंबे होती आणि महाराष्ट्र मागे नव्हता. शून्य ते सहा या वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या या राज्यात १९९१ साली ९४६ होती, ती २००१ साली ९१३ वर आणि २०११ साली ८९४ वर आली. या आकड्यांपुढे कोणत्याही वैद्यकीय व्यावसायिकाने मान खालीच घातली पाहिजे.

गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, हेही तितकेच खरे. स्त्री-संघटना आणि मूठभर जागरूक डॉक्टर यांच्या चळवळीचे ते फळ होते. त्यामागून १९९४ साली केंद्राचा कायदा झाला आणि १९९६ पासून तो अमलात आला. तो कागदावरच राहतो असे पाहून ‘सेहत’ व ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाच्या आदेशांनी अंमलबजावणीला गती आली आणि २००३ साली कायदा अधिक कडक झाला. २०१२ साली हाती नेता येणाऱ्या यंत्रांवर निर्बंध आले. नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात तेथील दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकात, एवढ्यापुरतीच त्यांना मुभा राहिली. मे २०१९ मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या महासंघाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नोंदी न ठेवणे ही केवळ कारकुनी चूक मानण्यास नकार दिला. ज्या गुन्ह्याचा बळी फिर्याद करावयास जन्मतच नाही, त्या गुन्ह्याचा माग नोंदवहीतच लागू शकतो. न्यायालयाची ही भूमिका पटण्यासारखी आहे.

कायद्याने अतिदक्षता विभागातील सोनोग्राफीवर बंदी घातलेली नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. नोंदणी केलेल्या रुग्णालयात दाखल रुग्णाच्या खाटेशी यंत्र नेता येते. अडचण कायद्याच्या रचनेत आहे. तो लिहिला गेला गर्भवतीचे पोट डोळ्यांपुढे ठेवून. २०१४ च्या नियमांनी एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे जे प्रशिक्षण आखले, तेही उदर आणि ओटीपोट यांच्या तपासणीचे. पुरुषाच्या मनगटातील धमनी पाहू इच्छिणारा भूलतज्ज्ञ या चौकटीत नीट बसत नाही. यंत्र कोठे आहे, कोणी वापरले, एका जागेवरून दुसरीकडे का गेले, या प्रत्येक बाबतीत चूक झाली तर खटला आणि सील यांचे भय. साहजिकच अनेक लहान रुग्णालयांचे चालक ‘ती ब्याद नकोच’ असे म्हणून मोकळे होतात. एखाद्या रुग्णालयाच्या यंत्राला प्रसूती विभागातील अनियमिततेमुळे सील लागले आणि त्या रुग्णालयात तेवढे एकच यंत्र असले, तर त्याची शिक्षा वरच्या मजल्यावरील अत्यवस्थ रुग्ण भोगतो. दुधाने तोंड पोळले म्हणून ताकही फुंकून प्यावे, हे शहाणपणाचे; परंतु फुंकता फुंकता ताक प्यावयाचेच राहून गेले, तर त्याला शहाणपण म्हणता येणार नाही.

कायदा सैल नको, नेमका हवा

या स्थितीवर उपाय म्हणून कायदाच सैल करा, अशी मागणी वैद्यकीय वर्तुळातून अधूनमधून होते. ती मान्य होण्यासारखी नाही. ‘अतिदक्षता विभागासाठी’ असे लेबल लावून आणलेले यंत्र रात्री मागच्या दाराने कोठे जाईल, याचा भरवसा या समाजाने अद्याप मिळविलेला नाही. सवलत मागणाऱ्या व्यवसायाने आपल्यातील गुन्हेगारांना स्वतः होऊन उघडे पाडल्याची उदाहरणे फार नाहीत, हेही विसरता येत नाही.

मार्ग आहे तो यंत्राच्या घडणीतच. ज्या प्रोबने मनगट पाहतात त्याच्या ध्वनीची कंपनसंख्या फार असते. म्हणून चित्र बारकाईचे मिळते, परंतु तो ध्वनी काही सेंटिमीटरच खोल जातो. पोटातील गर्भ पाहावयास कमी कंपनांचा, खोल जाणारा निराळा प्रोब लागतो. म्हणजे ज्या यंत्राला केवळ उथळ पाहणारा प्रोबच कायमचा जोडलेला आहे आणि दुसरा जोडताच येत नाही, अशा यंत्राचा एक वेगळा वर्ग नियमांत करता येईल. त्याची नोंदणी सक्तीचीच असावी, त्यावर क्रमांक असावा, त्याच्या वापराची वही असावी. मात्र ते यंत्र एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे नेण्यास आणि अतिदक्षता विभागातील प्रशिक्षित डॉक्टराने ते वापरण्यास निःसंदिग्ध मोकळीक असावी. त्यात फेरफार करणाऱ्यास मूळ कायद्याची पूर्ण शिक्षा व्हावी. असा नियम करण्याने न जन्मलेल्या मुलीचे संरक्षण तसूभरही कमी होत नाही आणि प्रामाणिक डॉक्टराच्या डोक्यावरील टांगती तलवार दूर होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची पाळी कायद्यावर येऊ नये, ही जबाबदारी कायदा करणाऱ्यांचीच आहे.

दुसरी जबाबदारी वैद्यकीय शिक्षणाची. २०२०-२१ च्या साथीत व्हेंटिलेटर आले, पण ते चालविणारे हात अपुरे पडले. हा अनुभव ताजा आहे. सोनोग्राफीच्या यंत्रांची गत तशीच व्हावयाची नसेल तर आधी हात तयार केले पाहिजेत. जिलेटिनच्या गोळ्यात रबरी नळी बसवून त्यावर सुईचा माग काढण्याचा सराव करता येतो; त्याला फारसा खर्च नाही. भूलशास्त्र, वैद्यकशास्त्र, बालरोग आणि तातडीची सेवा यांच्या प्रत्येक निवासी डॉक्टराने आधी अशा प्रतिकृतीवर आणि मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली ठराविक संख्येने हे काम केल्यावाचून त्याला एकट्याने रुग्णावर सुई धरू देऊ नये. जिल्हा रुग्णालयात यंत्र पाठविताना ते शिकविणारा माणूसही सोबत पाठवावा. नाहीतर खोक्यातले यंत्र खोक्यातच राहते, ही सरकारी खाक्याची रीत सर्वांना ठाऊक आहे.

उरली जबाबदारी बाकावर बसणाऱ्यांची. कागदावर सही करताना ‘ही नळी कशासाठी, ती पाहून बसविणार की अंदाजाने, आणि ती केव्हा काढणार?’ एवढे विचारण्याचा संकोच शिकलेल्या माणसाने तरी धरू नये. प्रश्न नम्रपणे विचारला तर चांगला डॉक्टर त्याचा राग मानीत नाही. उलट त्याच्या हाताला त्या प्रश्नाने अधिक जपून वागण्याची आठवण राहते. याच सोनोग्राफीपुढे याच समाजातील माणसांनी एके काळी भलताच प्रश्न विचारला आणि तिला बदनाम केले. आता त्यांनी तिच्याकडून योग्य तो प्रश्न सोडवून घ्यावा. आरशात काय पाहावयाचे, हे आरसा ठरवीत नाही. तो हाती धरणारा ठरवितो.